जोडीदाराचे रोजच्या जगण्यातले फोटो: सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

लग्नाचा अल्बम सगळ्यांच्या कपाटात असतो. त्यात माणूस नटलेला, ताठ बसलेला आणि फोटोग्राफरच्या हुकमानं हसलेला. पुढची दहा-वीस वर्षं मात्र वाढदिवसाच्या केकपुरतीच उरतात. भाकरी थापताना, गाडी पुसताना, दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपताना आपलं माणूस कसं दिसतं, याचा एकही फोटो घरात सापडत नाही. छंद म्हणून हे काढायला घेतलं तर खर्च थोडा आहे. चिकाटी मात्र लागते, आणि चुका ठरावीक असतात. त्या आधी कळल्या तर घरातली भांडणंही वाचतात.

खाली जोडीदार म्हणजे नवरा किंवा बायको, कुणीही. फोटो काढणारा नेहमी नवराच असतो असं धरू नका.

लागणारं सामान

- फोन किंवा कॅमेरा, जो घरात आहे तो. या कामासाठी नवा घेऊ नका.
- कॅमेरा असेल तर एकच लेन्स (कुठली, ते पुढं आहे).
- पांढरा टर्किश टॉवेल, मोठ्या मापाचा. सोलापुरात तो कुणाच्याही घरात निघतो.
- गडद रंगाची एक चादर. तीही निघतेच.
- चष्मा पुसायचं मऊ कापड. पदर, रुमाल, बनियन यांनी लेन्स पुसू नका, पिठाचे कण काचेवर घासले जातात.
- दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क, किंवा एक डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह.
- एक वही.

ट्रायपॉड, फ्लॅश, रिंग लाइट यातलं काहीही नको. घरात स्टँड उभा राहिला की समोरचं माणूस केस नीट करायला लागतं.

१. आधी बोलून घ्या

ही पायरी लोक सोडतात आणि महिन्याभरात छंद बंद पडतो. 'आपल्याच माणसाला काय विचारायचं' हा समज चुकीचा आहे. घरातला फोटो हा सगळ्यात बेसावध क्षणाचा असतो, म्हणून इथं परवानगी जास्तच लागते. चहाच्या वेळी बसून चार गोष्टी ठरवा आणि वहीत लिहा:

- कुठल्या खोलीत आणि कुठल्या वेळी कॅमेरा चालणार नाही. आजारपण, रडणं, झोप, कपडे बदलणं, यातल्या प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा.
- थांबायची खूण. हात वर किंवा नुसतं 'बास'. खूण दिसली की कॅमेरा खाली, 'एकच, शेवटचा' नाही.
- फोटो कोण बघणार. फक्त दोघं, की घरचे, की बाहेरचेही. प्रत्येक फोटो बाहेर देताना पुन्हा विचारायचं.
- पुसायचा अधिकार. फोटोतलं माणूस 'काढून टाक' म्हणालं की फोटो गेला. 'अगं राहू दे ना, छान आलाय' हे या छंदातलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे.

कायद्याचं थोडक्यात: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याकडं असतो, पण म्हणून समोरच्याच्या चेहऱ्यावर तुमची मालकी होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरा-बायकोला त्यात सूट दिलेली नाही.

एकत्र कुटुंब असेल तर सासूबाई, दीर, मुलं, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना आपापलं विचारा. बायकोची परवानगी मावशींना लागू होत नाही.

२. एक काम, एक जागा निवडा

'दिवसभर जे दिसेल ते काढू' असं ठरवलं की पहिल्या आठवड्यात तीनशे फोटो होतात आणि दुसऱ्या आठवड्यात शून्य. त्यापेक्षा रोज किंवा दर आठवड्याला होणारं एकच काम धरा. निवडताना तीन गोष्टी बघा: काम किमान दहा मिनिटं चालतं का, हात गुंतलेले असतात का, आणि एका बाजूनं उजेड येतो का. हात गुंतले की चेहरा मोकळा होतो.

सोलापूरच्या घरांत अशी कामं भरपूर आहेत. ज्वारीची भाकरी. शेंगाची चटणी उखळात कुटणं. ज्या भागात नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येतं, तिथं 'पाण्याचा दिवस': पाईप, बॅरल, हंडे आणि अर्धवट झोपेतले चेहरे. गच्चीवर धुतलेल्या चादरी टाकणं. पूर्व भागात घरी विड्या वळणारं कुणी असेल तर मांडीवरचं सूप आणि पानावर चालणारी बोटं. दुकानाचं शटर उघडणं, स्कूटर किक मारून चालू करणं, रात्री हिशेबाची वही.

जपानी छायाचित्रकार मासाहिसा फुकासे यांनी १९७० च्या दशकात रोज सकाळी कामावर निघालेल्या पत्नीचे, योकोचे, फोटो वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून काढले. जागा तीच, कोन तोच. बदलायचे फक्त कपडे, हावभाव आणि त्या दिवसाचा मूड. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून पार्किंगकडं बघत हा प्रयोग जुळे सोलापुरातही करता येतो, फक्त खाली उतरणाऱ्या शेजाऱ्यांना चौकटीबाहेर ठेवा.

एक सावधगिरी. बायकोचे सगळे फोटो ओट्यापाशीच निघत असतील तर दोष विषयाचा नाही, तुमच्या नजरेचा आहे. ती बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करत असेल तर निघताना आणि परतताना काढा. आणि ती एकटी राबत असताना दारात कॅमेरा घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. आधी पाण्याचे चार हंडे उचला, मग दहा मिनिटं फोटो.

३. लेन्स आणि अंतर

नवशिक्याला दुकानात हमखास ५० मिलीमीटरची लेन्स सांगतात. स्वस्त असते, चांगली असते, पण छोट्या सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर आपल्या खोल्यांत ती अडचणीची ठरते; सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग. गणित असं: १० बाय १० च्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून समोरच्यापासून आठ फूट अंतर मिळतं. तिथून ५० ची लेन्स जेमतेम पावणेचार फूट रुंदीची चौकट देते. कमरेवरचं माणूस मावतं. ओटा, भांडी, दार सगळं कापलं जातं. ३५ ची लेन्स साडेपाच फूट देते, २४ ची आठ फूट. म्हणून छोट्या सेन्सरला ३५ किंवा २४, आणि फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरला) ३५. ५० ची आधीच घेतलेली असेल तर ती गच्चीवर आणि अंगणात वापरा.

फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ मिलीमीटरच्या तोडीची असते. ती हातभर अंतरावरून चेहऱ्यावर रोखली की नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात. मग समोरचं माणूस म्हणतं, 'मी इतकी वाईट दिसते?' आणि पुढचा फोटो काढू देत नाही. चार-पाच फूट मागं सरका आणि दोनपट झूम लावा. फोनमधलं ब्युटी, चेहरा गुळगुळीत करणारं जे काही असेल ते पहिल्याच दिवशी बंद करा. कपाळावरचा घाम आणि डोळ्यांखालची रेष पुसायची असेल तर लग्नाचा अल्बम आहेच.

४. सोलापूरचं ऊन ओळखा

यावर वेळ घालवा, कारण निम्मे फोटो इथंच बिघडतात.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. अशा उजेडात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाकाखाली मिशीसारखी सावली येते. उन्हाळ्यात बाहेरचे फोटो साडेआठच्या आत आणि साडेपाचनंतर काढा. मेमध्ये सूर्य सहाच्या आत उगवतो आणि पावणेसातनंतर मावळतो. जानेवारीत सातच्या सुमारास उगवून सव्वासहाच्या सुमारास जातो. हिवाळ्यात ऊन दिवसभर तिरपं असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत अकरा वाजताही चेहरा बरा येतो.

खिडकीची दिशा वहीत लिहून ठेवा. पूर्वेची खिडकी सकाळी थेट ऊन देते, नंतर मऊ उजेड. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात ऊन आत आणते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळं एरवी 'कायम मऊ उजेडाची' म्हणून सांगितली जाणारी उत्तरेची खिडकी त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन घेते. थंड देशांतले धडे पाहून शिकणाऱ्यांची इथं फसगत होते.

भर दुपारीही एक जागा कामाची असते: दाराच्या आतली. उंबऱ्याबाहेर शहाबादी फरशीवर ऊन पडलेलं असतं, तिथून उडालेला उजेड आत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खालून येतो आणि सावल्या भरून काढतो. जोडीदार दारापासून दोन-तीन फूट आत, तुम्ही बाजूला. दाराकडं पाठ करून बसवलं तर काळी आकृती मिळेल.

खिडकीपासूनचं अंतर म्हणजे तुमचा उजेडाचा नळ. तीन फुटी खिडकीपासून दोन फुटांवर जितका उजेड असतो, त्याच्या पाचवा-सहावा हिस्साच सहा फुटांवर उरतो. फोटो अंधारा येतोय म्हणून दिवा लावण्याआधी पाटच दोन फूट सरकवता येतो का बघा.

टॉवेल आणि चादर आता कामाला येतात. एका गालावर खिडकीचा उजेड आहे आणि दुसरा फार काळा पडतोय, तर त्या बाजूच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाका, चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर. उलट, खोली फिक्या रंगाची असून चेहरा सपाट दिसत असेल तर तिथंच गडद चादर लटकवा, गालाला आकार येतो. भिंत पोपटी किंवा आकाशी असेल तर तिचा रंग चेहऱ्यावर उतरतो. भिंतीपासून माणूस लांब घेणं किंवा फोटो कृष्णधवल करणं, दोनच उपाय.

५. आकडे लावा

फोन वापरणाऱ्यांनी चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढावी, एवढं पुरे. कॅमेरावाल्यांसाठी सुरुवातीचे आकडे:

- छिद्र (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ/२.८. एफ/१.८ वर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट येतो. पुसट पार्श्वभूमीत घरच दिसेनासं होतं, मग घरात काढून उपयोग काय!
- शटर (उजेड किती वेळ आत येतो, सेकंदात) १/१२५, बसलेल्या किंवा उभ्या माणसासाठी. थापणारे हात थिजवायचे तर १/५००. चेहरा स्थिर आणि हात हललेले हवेत तर १/३० ते १/४०, कोपर भिंतीला टेकवून. दहातले दोन जमतील.
- आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटो, वरची मर्यादा ६४००. दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही.
- फोकस: डोळा ओळखणारी सोय चालू ठेवा. मान खाली घालून काटवटीकडं बघणाऱ्या माणसाचा डोळा कॅमेऱ्याला सापडत नाही आणि तो मागच्या बरणीवर जाऊन बसतो. तेव्हा एकच बिंदू निवडून तो कपाळावर ठेवा.
- फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, मोठी फाइल) आणि जेपेग (नेहमीची तयार फाइल) दोन्ही.

आता एक सापळा. आवाज नको म्हणून लोक सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावतात आणि रात्री एलईडी दिव्याखाली फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, नाहीतर साधं मेकॅनिकल शटर वापरा.

दुसरा सापळा मिश्र उजेडाचा. खिडकीतून दिवसाचा उजेड आणि वर पिवळा दिवा असला की अर्धा चेहरा निळसर, अर्धा हळदीसारखा होतो. नंतर संगणकावर हे नीट होत नाही. दिवा बंद करा, किंवा खिडकी झाकून फक्त दिव्यावर काढा.

६. भाकरीचा सराव

एकच विषय नीट समजला तर बाकीचे त्यावरून जमतात, म्हणून हा सविस्तर.

बहुतेक ओटे भिंतीला किंवा खिडकीला लागून असतात. मागं उभं राहिलात तर पाठ आणि अंबाडाच मिळेल. भिंतीच्या कडेला जाऊन ओट्याच्या लांबीच्या दिशेनं बघा, म्हणजे खिडकीचा उजेड बाजूनं येईल आणि चेहरा, हात, तवा एका रेषेत दिसतील. कॅमेरा छातीच्या उंचीवर. खाली बसून काटवटीत थापत असतील तर तुम्हीही जमिनीवर बसा. उभं राहून खाली रोखलेला कॅमेरा समोरच्याला लहान करतो.

पहिल्या भाकरीला फोटो काढूच नका, उजेड आणि जागा बघा. दुसऱ्या-तिसऱ्या भाकरीला काढा. त्या वेळेपर्यंत कामाची लय लागलेली असते आणि 'काय सारखं फोटो काढायलाय, ताटं घ्या की' हे बोलूनही झालेलं असतं. एका भाकरीला तीन-चार क्षण असतात: पीठ मळताना तळव्याचा दाब, थापताना बोटं पसरलेली, भाकरी हातावरून तव्यात जाताना, आणि वर पाणी फिरवताना उठणारी वाफ. वाफ दिसायला तिच्या मागं गडद काहीतरी आणि उजेड मागून किंवा बाजूनं हवा. पांढऱ्या टाइल्ससमोर वाफ हरवते. इथं चादर टाइल्सवर टांगता येते, फक्त गॅसपासून लांब.

आठ-दहा फोटो झाले की कॅमेरा खाली. पुढच्या भाकरीला नुसतं बघा. फोडणीच्या वेळी लेन्स काढूघालू नका आणि तेलाच्या वाफेच्या थेट वर जाऊ नका. यंत्रमाग कारखान्यातही तेच: हवेत कापसाचे तंतू असतात, लेन्स बदलताना ते सेन्सरवर बसतात आणि प्रत्येक फोटोत केसासारखी रेघ दिसते. कारखान्यात मालकाची परवानगी वेगळी घ्या आणि फिरत्या पट्ट्याजवळ कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात लोंबकळत ठेवू नका.

७. घराबाहेर

बाहेर जोडीदाराला मोठं आणि मध्यभागी ठेवायची सवय मोडा. अमेरिकन छायाचित्रकार हॅरी कॅलहन यांनी पत्नी एलिनोरचे वर्षानुवर्षं फोटो काढले. त्यातल्या कित्येकांत ती मोठ्या इमारती, रस्ते किंवा पाण्यासमोर अगदी लहान, एकटी उभी दिसते. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर सकाळी हे करून बघा. माणूस चौकटीच्या उंचीच्या दहाव्या भागाएवढं, बाकी पाणी आणि आकाश. कंबर तलाव किंवा किल्ल्याची बागही चालेल.

मंगळवार बाजारात भाजी घेताना काढायचे तर पिशवी तुम्ही धरा आणि फोन वापरा. मोठा कॅमेरा बघून भाव सांगणारीही थांबते, घेणारीही.

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत नवरा बाराबंदी घालून असेल तर पांढऱ्या कपड्यांनी कॅमेरा फसतो. चौकटभर बाराबंद्या असतील तर तो सगळं राखाडी करतो, एक्स्पोजर ०.७ ने वाढवा (+०.७). गडद गर्दीत एकटाच पांढरा असेल तर कापडाच्या चुण्या पांढऱ्याफटक होऊन हरवतात, ०.७ ने कमी करा (-०.७). रात्री होम मैदानावर पाळण्यांच्या दिव्यांत माणूस दिव्याकडं तोंड करून उभा करा, फ्लॅश नको.

८. निवड आणि साठवण

पहिले दोन महिने त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून फोटो बघा, पुसायचे ते तिथंच पुसा. त्यानंतर उलट करा: फोटो महिनाभर न बघता ठेवा. ताज्या फोटोत त्या दिवसाचं भांडण किंवा लाड दिसतो, फोटो दिसत नाही. वीसातला एक ठेवा. दोघांची पसंती वेगळी निघते. तुम्हाला उजेड आवडलेला असतो, त्यांना दंड जाड दिसलेला असतो. वाद घालू नका, पहिली पायरी पुन्हा वाचा.

आठवड्याला ६० फोटो धरले तर वर्षाला तीन हजारांवर जातात. रॉ फाइल २५ एमबीची धरली तर ७८ जीबी. फोल्डरला '२०२५-०१-१४ भाकरी' असं वर्ष-महिना-दिवस या क्रमानं नाव द्या, आपोआप लागतात. दोन प्रती दोन ठिकाणी, त्यातली एक शक्यतो दुसऱ्या घरी. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर डिस्क ठेवू नका, एप्रिल-मेमधली तिथली उष्णता तिला सोसत नाही.

फोनचं आपोआप क्लाउडवर जाणं तपासा. घरच्या टीव्हीला तेच खातं जोडलेलं असेल तर पाहुणे बसलेले असताना पडद्यावर झोपेतला फोटो झळकतो. बाहेर पाठवताना फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेली जागेची माहिती (लोकेशन) काढून टाका.

९. कॅमेरा हातातून सोडा

महिन्यातून एक दिवस कॅमेरा जोडीदाराकडं. ऑटो मोड, आयएसओ ऑटो, डोळ्याचा फोकस चालू, आणि एकही सूचना नाही. समोर उभं राहिल्यावर हात कुठं ठेवायचे ते कळत नाही, हे तुम्हालाही कळेल. पुसायचा नियम तुम्हालाही लागू.

१०. छापून घ्या

दर महिन्याला पाच, वर्षाला साठ. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, ८ बाय १२ ला २४०० बाय ३६००. लॅबमध्ये फाइल पेन ड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच झाली तर 'डॉक्युमेंट' म्हणून, नुसता फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते. काउंटरवर तीन गोष्टी सांगा: मॅट कागद, रंगदुरुस्ती नको, चेहरा साफ करू नका. तिसरी दोनदा सांगा. पहिल्यांदा एकच प्रत काढून दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात बघा, गालांवर लालसरपणा जास्त असेल तर बाकीच्या थांबवा.

पाठीमागं तारीख आणि काम लिहा. गुळगुळीत फोटोपेपरच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर दिसतो. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या, कडेला लिहा, आणि शाई वाळेपर्यंत एकावर एक रचू नका.